बांधकाम परवानगी नाकारली? चाळीस दिवस, एक अपील, आणि नकाशावरची एक रेघ

ओसरीवरचा (धागालेखक)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज लिहायची वेळ आली. लांबेल थोडं, चहा घेऊन बसा.

तालुक्याच्या गावी आमचं घर आहे. साडेतीन गुंठ्यांत, तळमजला, वडिलांनी बांधलेलं. वर दोन खोल्या काढायच्या म्हणून नगरपरिषदेकडे (कुठली ते नाही सांगत) फाईल टाकली. सात-बारा, क-प्रत (भूमी अभिलेखचा मोजणी नकाशा), नकाशे, स्ट्रक्चरलचं पत्र, सगळं जोडलं. अडीच महिन्यांनी एका ओळीचं पत्र आलं: "प्रस्तावित जागा विकास योजना रस्त्याने बाधित होत असल्याने प्रस्ताव नामंजूर करण्यात येत आहे." खाली सही, शिक्का, बस्स.

विकास योजनेत, म्हणजे गावाच्या पुढच्या रस्त्या-जागांच्या आराखड्यात, आमच्या पूर्वेला बारा मीटरचा रस्ता आखलेला आहे, हे खरं. पण तो आमच्या कुंपणाबाहेरून जातो असं वडील तीस वर्षं सांगत आलेत. किती बाधित, कुठून बाधित, याबद्दल पत्रात अवाक्षर नाही. आमची फाईल टाकणारा अभियंता म्हणाला, "सोडा हो, दोन महिन्यांनी नवी फाईल टाकू." टाकली. तेच पत्र परत आलं, फक्त जावक क्रमांक बदललेला.

मग एका लग्नात वडिलांचे जुने मित्र भेटले. ते म्हणाले, "अरे, कलम ४७ खाली अपील का नाही केलंस?" मला त्या दिवसापर्यंत असं काही असतं हेच माहीत नव्हतं. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. परवानगी नाकारली किंवा जाचक अटी घातल्या, तर आदेश मिळाल्यापासून चाळीस दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येतं. पहिल्या पत्राचे चाळीस कधीच उलटून गेले होते. दुसऱ्याचे सव्वीस झाले होते. उरलेल्या चौदा दिवसांत जी पळापळ केली ती केली. अपील दाखल झालं.

सुनावणी मुंबईत. आमच्या गावाहून रात्रीची एसटी, पहाटे दादर. पहिली तारीख पुढे गेली, दुसरीही गेली. दोन्ही वेळा जेवण करून परतीची गाडी. वडील बहात्तर वर्षांचे, हट्टाने सोबत येतात.

माझा प्रश्न एवढाच: हे सोपं का नाही? अपीलाचा हक्क कायद्यात १९६६ पासून बसलाय, पण नकाराच्या पत्राखाली "यावर अमुक ठिकाणी, इतक्या दिवसांत दाद मागता येईल" ही एक ओळ का नाही? तुमचे अनुभव सांगा.

---

वाकडीमोजपट्टी

वाचतोय. आमचीही एक फाईल अशीच कुजतेय.

---

कंपासपेटी

अठ्ठावीस वर्षं परवानाधारक अभियंता म्हणून फाईली टाकतोय, म्हणून थोडं आमच्या जमातीच्या वतीने. "नवी फाईल टाकू" हा सल्ला आळसातून येत नाही. रोज त्याच टेबलासमोर उभं राहायचं असतं. अपील केलं म्हणजे साहेबांच्या विरोधात वर गेलो असा अर्थ घेतला जातो. एका गिऱ्हाइकासाठी अपील करायचं आणि बाकीच्या पंधरा फाईलींवर "त्रुटी" निघायला लागायच्या, हे कोण ओढवून घेईल? तुम्ही स्वतः अपील केलंत ते बरं केलंत.

आता तुमच्या रस्त्याबद्दल. तुम्ही लिहिलंय "बाधित", आणि माझा अंदाज असा की भांडण दीड-दोन मीटरचं असणार. बरोबर ना? विकास योजनेचा नकाशा समजा १:४००० चा आहे. त्यावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जागेवर दोन मीटर. त्या रेघेचा आतला काठ धरायचा की बाहेरचा, यावर तुमच्या दोन खोल्या अवलंबून! त्यात सिटी सर्व्हेचा नकाशा वेगळ्या प्रमाणात. दोन्ही एकमेकांवर ठेवले की कुठलाही एक कोपरा जुळवला तर दुसरा सुटतो. टेबलावर बसून याचं उत्तर मिळत नाही. जागेवर जाऊन, कायम खुणा धरून, आखणी करून घ्यावी लागते.

---

ओसरीवरचा

@कंपासपेटी, शप्पथ! जवळपास तेवढंच, २.३ मीटर. भूमी अभिलेखच्या मोजणीत रस्त्याची कड कुंपणाबाहेर १.४ मीटर येते, आणि नगरपरिषद म्हणते आत ०.९.

---

वकीलणीचा_काळा_कोट

सगळ्यांच्या सोयीसाठी कायदा थोडक्यात, कारण खाली बरेच प्रश्न येणार हे दिसतंय.

कलम ४४ खाली अर्ज, कलम ४५ खाली मंजुरी किंवा नकार. नकार दिला तर कारणं द्यावी लागतात. "नियमात बसत नाही" हे कारण नव्हे, तो निष्कर्ष झाला. कलम ४७ खालचं अपील राज्य शासन किंवा शासनाने नेमलेला अधिकारी ऐकतो, आणि तो अधिकारी उपसचिवाच्या हुद्द्याखालचा चालत नाही. अपीलदाराला आणि नियोजन प्राधिकरणाला (इथे नगरपरिषद) म्हणणं मांडायची संधी देऊन मग अपील फेटाळायचं, परवानगी द्यायची किंवा अटी बदलायच्या. पण निकाल किती दिवसांत द्यायचा, हे त्या कलमात नाही. तुम्हाला चाळीस दिवस, पलीकडच्याला मुदतच नाही. सगळं दुखणं या एका वाक्यात आहे.

दोन गैरसमज आत्ताच दूर करते. एक, साठ दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाल्याचं मानलं जातं, हे कलम ४५ मध्ये आहे खरं, पण बांधकाम नियमावलीत आणि विकास योजनेत बसणारं असेल तरच. साठ दिवस झाले म्हणून कॉलम उभे केले आणि मग कलम ५३ ची, म्हणजे अनधिकृत बांधकाम पाडायची नोटीस घेऊन माझ्याकडे आले, असे पक्षकार मी मोजणं सोडलंय. दोन, दिवाणी कोर्टात मनाई मागू म्हणाल तर कलम १४९ आडवं येतं. अपील हाच रस्ता, त्यानंतर उच्च न्यायालय.

बाय द वे, दुसरी फाईल टाकल्याचा एक फायदा नकळत झाला. नवा अर्ज, नवा आदेश, म्हणून नवे चाळीस दिवस. पहिल्याच आदेशावर बसला असता तर मुदत गेली होती, आणि त्या कलमात उशीर माफ करण्याबद्दल शब्द नाही.

---

आस्थापना_दोन (निवृत्त)

नगरपरिषदेत बत्तीस वर्षं काढली. मला शिव्या पडणार हे गृहीत धरून लिहितो.

एका ओळीचं पत्र का निघतं? कारण नगररचनेचा एकच माणूस, त्याच्याकडे शेजारच्या दोन गावांचाही चार्ज, सोमवारी इथे, बुधवारी तिथे. सविस्तर कारणं लिहायची तर फाईल उघडून नकाशा ताणून बसावं लागतं. एक ओळ टाइप केली की फाईल टेबलावरून हलते. समर्थन करत नाही, होतं कसं ते सांगतो.

अपीलात आणखी एक गंमत. अपील गेलं की वरून मूळ फाईल मागवतात. ती मुंबईला गेली की इथे कुणाकडे काहीच उरत नाही. मग तारखेला आमचा माणूस जातो आणि म्हणतो, "अभिलेख उपलब्ध नाही, मुदत मिळावी." अभिलेख तर त्यांच्याच कपाटात असतो! हे मी डोळ्यांनी पाहिलंय, एकदा नाही. आता परवानग्या ऑनलाइन प्रणालीवर आल्यात, तर अपील ऐकणाऱ्याला त्याच प्रणालीत फाईल बघायचा लॉगिन द्या की. कागद हलवायचा कशाला?

---

बिलायती_चहा

इंग्लंडमधून. मागच्या वर्षी मी स्वतः अपील केलं आणि हरले, त्यामुळे इथलं गुणगान करायला बसले नाही एवढं आधी सांगते.

आमच्या घराच्या माळ्यावर मागच्या बाजूला खिडकीचा उठाव (उतरत्या छपरातून बाहेर आलेली उभी खिडकी) काढायचा होता. कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, नाकारलं. नकाराच्या पत्रालाच जोडून एक पान होतं: अपील कुठे करायचं, किती दिवसांत, कुठल्या वेबसाइटवर. ओसरीवरचा म्हणतात ना ती ओळ, ती इथे द्यावीच लागते. राहत्या घराच्या कामासाठी मुदत बारा आठवडे, बाकी बहुतेक प्रकारांत सहा महिने. फी शून्य. वकील नाही, आर्किटेक्ट नाही, मी स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून अर्ज भरला.

अपीलं ऐकणारी संस्था प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेट, मुख्यालय ब्रिस्टलला. कौन्सिलपासून वेगळी. मंत्र्याच्या नावाने काम चालतं, पण बहुतेक सगळे निर्णय इन्स्पेक्टर स्वतःच देतो. तीन पद्धती आहेत: नुसती लेखी, छोटी सुनावणी आणि मोठी चौकशी. घरगुती कामं लेखीतच संपतात. कौन्सिलने फाईल पाठवायची, शेजाऱ्यांनी आधी दिलेली पत्रं आपोआप पुढे जातात, नवीन निबंध कुणी लिहायचा नाही.

आणि मग इन्स्पेक्टर घरी येतो! मी चहा विचारला तर नको म्हणाला. भेटीच्या वेळी त्याच्याशी बाजू मांडायची नसते, फक्त दार उघडून द्यायचं. वीस मिनिटं मागच्या अंगणात उभा राहिला, शेजारच्या कौलांकडे बघितलं, गेला. निकाल तीन पानी, वेबसाइटवर सगळ्यांना खुला. हरले, पण का हरले ते मला समजलं. नवऱ्याला अजून समजलेलं नाही, तो विषय वेगळा.

---

कंपासपेटी

@बिलायती_चहा, तो इन्स्पेक्टर वीस मिनिटांसाठी आमच्याकडे उसना द्या. ओसरीवरच्यांचं काम पंधरा मिनिटांत होईल.

---

तिरकस_तात्या

हो, आणि इथे तो आला की आधी जेवण, मग हुरडा, मग जागा बघणार. साहेबांना आमच्या गावचं मटण आवडतं असं ऐकून आहे.

---

ओसरीवरचा

तात्या :) पण खरंच, मुंबईच्या खोलीत बसून आमची कड कुणाला कशी दिसेल?

---

शेजारधर्म_बुडाला

माझं दुखणं उलटं आहे. माझ्या शेजाऱ्याला परवानगी मिळाली. सामासिक अंतर (घर आणि हद्द यांच्यातली मोकळी जागा) कागदावर दीड मीटर, जागेवर हात घातला तर त्याची भिंत लागते. मी कलम ४७ खाली जाऊ शकतो का?

---

वकीलणीचा_काळा_कोट

नाही. शब्द "अर्जदार" असा आहे. ज्याचा अर्ज नाकारला गेला, किंवा ज्याला अटी जाचक वाटतात, तोच. तुम्ही नगरपरिषदेकडे तक्रार करा, मंजूर नकाशाची प्रत माहिती अधिकारात मागा, आणि नकाशापेक्षा वेगळं बांधलं असेल तर कारवाई मागा. परवानगीच चुकीची असेल तर उच्च न्यायालय. खर्चिक आहे, माहीत आहे.

---

बिलायती_चहा

इथेही शेजाऱ्याला अपील नाही बरं का. त्याला न्यायालयीन पुनर्विलोकनच, म्हणजे परवानगी कायदेशीर होती का एवढंच कोर्टात तपासून घेणं.

---

डब्लिनचा_वारा

आयर्लंडमध्ये मात्र आहे. अर्जावर वेळेत लेखी हरकत घेतली असेल (त्याची फी २० युरो), तर कुणीही तिऱ्हाईत चार आठवड्यांत अपील करू शकतो. नेहमीच्या अपीलाची फी २२० युरो. ऐकणारं राष्ट्रीय मंडळ आहे, जून २०२५ पासून त्याचं नाव अन किमिशून प्लॅनॉला. आधी अन बोर्ड प्लॅनॉला होतं.

याची दुसरी बाजूही सांगतो. घरांची एवढी टंचाई असताना एका शेजाऱ्याच्या अपीलाने पन्नास घरं महिनोन् महिने अडकतात, अशी ओरड इथे कायम असते. निकालासाठी अठरा आठवड्यांचं उद्दिष्ट होतं, ते पाळलं जात नाही म्हणून मोठा वाद झाला. तिऱ्हाइताला हक्क द्यायचा तर निकालाला मुदत हवीच, नाहीतर तो हक्कच शस्त्र बनतो. आमच्या कोकणात भाऊबंदकीत काय होईल याची कल्पनाही करवत नाही.

---

शेजारधर्म_बुडाला

२४० युरोत माझं काम झालं असतं. असो.

---

गोंयचो_खाजें

आमच्या गोव्यात अपीलाच्या आधीच खेळ होतो. नगर व ग्राम नियोजन कायदा १९७४ चा. त्यात २०२४ साली कलम ३९अ घातलं, त्याने एकेका सर्व्हे नंबरचा झोन बदलता येतो. हरकतीला तीस दिवस. राजपत्रात यादी येते, आपल्या वाड्यातला नंबर त्यात आहे की नाही ते आपणच शोधायचं. त्याआधी अशाच बदलांसाठी कलम १७(२) होतं, त्याचे नियम उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले. गावातले लोक आता राजपत्र वाचायला शिकलेत. मुलगा मोबाइलवर शोधतो, आजी चष्मा लावून नंबर तपासते.

---

वाकडीमोजपट्टी

सेवा हक्क कायदा याला लागू नाही का? तिथे तर प्रथम अपील, द्वितीय अपील, आयोग, सगळं ऑनलाइन.

---

वकीलणीचा_काळा_कोट

चांगला प्रश्न. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा उशिरासाठी चांगला. सेवा वेळेत दिली नाही किंवा विनाकारण नाकारली तर वरच्या अधिकाऱ्याकडे जाता येतं, दोषी अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. पण "रस्त्याची कड कुठे" हा नगररचनेचा गुणदोषाचा प्रश्न, तो तिथे नीट सुटत नाही. पत्रच येत नसेल तर सेवा हक्क. पत्र आलं आणि चुकीचं वाटलं तर कलम ४७. लोक या दोन खिडक्यांत गोंधळतात आणि तेवढ्यात चाळीस दिवस जातात.

माहिती अधिकाराचंही तसंच. दहा रुपयांत अर्ज होतो, आणि फाईलवरची टिप्पणी मिळाली तर अपीलाला सोनं. पण उत्तराला तीस दिवस. म्हणजे चाळीसातले तीस गेले. म्हणून नकाराचं पत्र मिळालं त्याच दिवशी माहितीचा अर्ज टाका, आणि उत्तराची वाट न बघता अपील दाखल करा. कागद नंतर जोडता येतात.

---

आस्थापना_दोन (निवृत्त)

ताई, लाख बोललात. आणि सोबत फाईल पाहायला मिळावी असाही अर्ज द्या. समोर बसून पाहिलेली फाईल हरवत नाही.

---

बिलायती_चहा

अजून एक आठवलं. इथे मोठ्या चौकशा फार रेंगाळायच्या, सरासरी ४७ आठवडे. मग ब्रिजेट रोझवेल यांनी २०१९ मध्ये अहवाल दिला, २२ शिफारशी. मला पटलेली एकच: सुरुवातीलाच इन्स्पेक्टरने दोन्ही बाजूंना एकत्र घेऊन विचारायचं, नेमकं भांडण कशाचं आहे? ज्यावर एकमत आहे ते लिहून बाजूला ठेवायचं, उरलेल्यावरच बोलायचं. ओसरीवरच्यांच्या प्रकरणात चटईक्षेत्र, उंची, पार्किंग, यातलं काहीच वादाचं नाही ना? मग हे पहिल्या तारखेलाच एका फोनवर ठरलं असतं की वाद फक्त रस्त्याच्या कडेचा.

---

कंपासपेटी

हे मला फार आवडलं. आमच्याकडे अपील मेमोत तेवीस मुद्दे घालतात, त्यात नैसर्गिक न्यायापासून आजोबांच्या नावच्या फेरफारापर्यंत सगळं. मग समोरचा तेवीस मुद्द्यांना उत्तर द्यायला मुदत मागतो. ओसरीवरचे, तुम्ही एक करा. एका पानाचा अर्ज द्या: "वाद फक्त पूर्वेकडील रस्त्याच्या कडेचा आहे. भूमी अभिलेख, नगरपरिषद आणि अपीलदार यांची संयुक्त पाहणी व्हावी आणि तिचा अहवाल मागवावा." सोबत क-प्रत, नगरपरिषदेच्या भाग नकाशाची (विकास योजनेच्या नकाशातल्या तुमच्या जागेच्या तुकड्याची) प्रत, आणि दोन्हींत कायम असलेली एक खूण लाल पेनने दाखवा. देऊळ, विहीर, जुना पूल, काहीही, जे दोन्ही नकाशांत आहे.

---

ओसरीवरचा

विहीर आहे! मारुतीच्या पारामागची. दोन्ही नकाशांत आहे.

---

तिरकस_तात्या

बघा, शेवटी मारुतीच.

---

वाकडीमोजपट्टी

एक भोळा प्रश्न. महसूल खात्याच्या अर्धन्यायिक प्रकरणांच्या तारखा आणि निकाल आता ऑनलाइन बघता येतात. माझ्या काकांचं फेरफाराचं प्रकरण मी मोबाइलवरून बघतो. मग कलम ४७ चे निकाल का नाही टाकत? आधी अशा रस्त्याच्या वादात काय ठरलं हे कळलं तर निम्मी अपीलं होणारच नाहीत, आणि निम्मे नकारही.

---

आस्थापना_दोन (निवृत्त)

निकाल उघडे पडले की खालचा माणूसही घाबरतो. आपण चुकीचे ठरलो हे सगळ्यांना दिसतं. माझ्या नोकरीत एखाद्या अपीलाचा निकाल परत आला की तो फाईलला लावायचा आणि फाईल बांधून कपाटात. आमच्या विभागातल्या पुढच्या माणसाला तो कधी वाचायला दिला नाही. चूक तीच, दर तीन वर्षांनी बदलून आलेला नवा माणूस करायचा.

---

ओसरीवरचा (अडीच महिन्यांनंतर)

धागा वर काढतोय. कंपासपेटीकाकांनी सांगितला तसा एका पानाचा अर्ज दिला. तिसऱ्या तारखेला सुनावणी झाली, अकरा मिनिटं. समोरून नगरपरिषदेचे नवे साहेब होते, त्यांनीही संयुक्त पाहणीला हरकत नाही म्हटलं. पाहणीचे आदेश झाले.

परवा पाहणी झाली. भूमी अभिलेखचे दोघे यंत्र घेऊन आले, नगरपरिषदेचा ओव्हरसियर आणि मी. विहिरीवरून धरलं, देवळाच्या पायरीवरून तपासलं. वडील फेट्यासकट टेपचं एक टोक धरून उभे, कुणाला हात लावू देईनात. कड कुंपणाबाहेर आली. १.४ नाही, १.२. ओव्हरसियरने पंचनाम्यावर सही केली. सगळं मिळून पाऊण तास, त्यातला अर्धा तास चहा यायला लागला.

अंतिम आदेश यायचाय. आला की टाकतो.

---

बिलायती_चहा

अभिनंदन! वडिलांना नमस्कार सांगा.

---

कंपासपेटी

आदेश येईपर्यंत वीटही आणू नका. पंचनाम्याची साक्षांकित प्रत आजच घ्या.

---

नवीन_भाडेकरी

धागा पूर्ण वाचला. मला नगरपरिषदेचं नकाराचं पत्र आलंय, त्यावर ३८ दिवसांपूर्वीची तारीख आहे. म्हणजे माझ्याकडे दोनच दिवस का? उद्या रविवार आहे.

---

वकीलणीचा_काळा_कोट

घाबरू नका. पत्रावरची तारीख नको, हातात कधी पडलं ते सांगा. पाकिटावर टपालाचा शिक्का आहे का? पाकीट फेकलं नाहीत ना?

---

नवीन_भाडेकरी

पाकीट आहे. आईने त्यावर दुधाचा हिशेब लिहिलाय, पण शिक्का दिसतोय. नऊ दिवसांपूर्वीचा.